शिलेदाराचें सामान

वाचलेल्या इतिहासांत चूक निघाली तर पुस्तक मिटून ठेवतां येतें. अंगावर घातलेल्या इतिहासांत चूक निघाली तर रात्रभर कुडकुडत बसावें लागतें. या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचा थोडासा अनुभव आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजा या गांवीं आला. त्यावरून मराठी फौजेच्या सामानसुमानासंबंधीं जे विचार सुचले, ते वाचकांपुढें ठेवावे म्हणून हा लेख.

आमच्या आप्तांपैकीं पांच तरुणांनीं एक राज्य कल्पिलें होतें. त्याचा राजा कल्पित, त्याचे गड कल्पित, आणि त्यावर चालून येणारा शत्रुही कल्पित. या राज्याच्या मावळ्यांचा वेष करून शिवाराच्या कडेला एक रात्र काढावयाची, आणि जुन्या काळीं नव्हती अशी एकही वस्तु बरोबर घ्यावयाची नाहीं, असा त्यांचा बेत होता. "काका, यादी तेवढी तपासून द्या," म्हणून ते आमच्याकडे आले. यादींत मखमलीचे अंगरखे होते, सोनेरी कांठांच्या ढाली होत्या, मोत्यांचे तुरेही होते. आणि हें सर्व नाटकाचे कपडे भाड्यानें देणाऱ्या एका दुकानांतून आणावयाचें होतें. पाणी कशांत न्यावयाचें, विस्तव कसा करावयाचा आणि निजावयाचें कशावर, याविषयीं मात्र यादींत एक अक्षरही नव्हतें.

अशा छंदास पोरखेळ म्हणून हंसणें सोपें आहे. पण पाश्चात्य देशांत हा छंद मोठ्या माणसांसही लागलेला आहे. अमेरिकेंत बर्कली येथें १९६६ सालीं कांहीं मंडळी मध्ययुगीन वेष करून एका घराच्या परसांत जमली, आणि त्यांतूनच 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' ही संस्था निघाली. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्यें प्रसिद्ध झाल्यापासून तींतील वाटसरूंसारखे झगे व झोळ्या करून रानांत हिंडणारे लोकही पुष्कळ झाले आहेत. आपल्याकडे 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुत कादंबऱ्यांनीं एका पिढीस वेड लावलें. पुढें १८७१ मध्यें गुंजीकरांच्या 'मोचनगडा'नें वाचकांस कल्पित नगरांतून शिवकालांत आणलें. आमच्या तरुणांचा प्रवासही त्याच वाटेनें व्हावा, एवढीच आमची इच्छा होती.

जुन्या शिपायाजवळ खरोखर काय असे, हें आतां पाहूं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या काळीं लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था सांगितली आहे, ती येथें फार उपयोगी पडते. घोडदळांत स्वार दोन प्रकारचे: ज्यास घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन येई तो शिलेदार. पागेंत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि पाय या दोन गोष्टींची काळजी तरवारीइतकीच केलेली होती. पावसाळा छावणींत काढून फौज दसऱ्यास बाहेर पडे, तेव्हां लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई, आणि परत आल्यावर ती ताडून पाहत. लुटीचा माल कोणी लपवूं नये, हा या यादीचा हेतु. तथापि आपल्या गांठीं काय आहे याचा हिशेब त्यायोगें प्रत्येकास ठेवावा लागे. अशा चीजवस्तूस जुन्या मराठींत 'बिशाद' म्हणत. आज आपण "त्याची काय बिशाद!" म्हणतों तेव्हां आपल्या मनांत हिंमत असते. गांठच्या सामानाचा शब्द हिमतीस लागावा, यांत आम्हांस कांहींच नवल वाटत नाहीं.

हें सामान थोडें असणें हेंच त्याचें बळ होतें. पेंढाऱ्यांविषयीं लिहितांना माल्कम सांगतो कीं, त्यांजपाशीं तंबू नसे, ओझें नसे. स्वतःपुरत्या भाकरी आणि घोड्यापुरता दाणा घेऊन ते निघत. पेंढाऱ्यांचें वर्तन अनुकरणीय नव्हे, पण त्यांची ही रीति जुन्याच मराठी चालीची होती. ती चाल सुटली तेव्हां काय झालें, हें १७६१ सालीं पानिपतावर दिसून आलें. तेथें लढणाऱ्यांच्या मागें बाजारबुणगे, यात्रेकरू व कुटुंबें यांचा एवढा पसारा होता कीं, फौजेस अन्न पुरवावें कीं त्या पसाऱ्यास, हें कोडें सुटेना. उलट उदाहरण आमच्या वऱ्हाडाशीं निगडित आहे. माधवराव पेशव्यांनीं १७६९ च्या सुमारास नागपूरकर जानोजी भोसल्यांवर स्वारी केली, तेव्हां जानोजींनीं उघड लढाई टाळून हलक्या फौजेनिशीं थेट पुण्याच्या रोखानें धांव घेतली. शेवटीं मार्च १७६९ मध्यें कनकापूर येथें तह झाला. जानोजींस यश आलें असें नव्हे. परंतु पेशव्यांसारख्या प्रबळ शत्रूस त्यांनीं इतके दिवस झुलविलें, तें हलकेपणाच्याच जोरावर.

आतां त्या रात्रीकडे वळूं. मखमल पहिल्या प्रहरींच हरली. दंव पडूं लागतांच ती ओली होऊन अंगास चिकटली. नव्या वहाणांनीं तिघांचे पाय सोलले होते. नाल्यांत वेंचलेल्या गारगोट्या लोखंडी सळईवर आपटून हात दुखूं लागले, पण ठिणगी पडेना. शेजारच्या शेतांत मेंढरें बसविलेला एक वृद्ध धनगर हा सारा प्रकार मजेनें पाहत होता. "थंडी काही मखमलीले भेत नाही, बाप्पा!" असें म्हणून त्यानें आपल्याजवळच्या दोन जुन्या घोंगड्या आमच्या पुढें टाकल्या. त्या दोन घोंगड्यांत पांचही जणांनीं आळीपाळीनें रात्र काढली.

घोंगडी ही वस्तु आपण इतकी पाहिलेली आहे कीं, तिच्याकडे पाहण्याचें आपण सोडून दिलें आहे. दख्खनी मेंढीची लोंकर जाड व राठ असते. स्वतःच्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही ती अंगास ओली लागत नाहीं. विणण्यापूर्वीं ताण्यास चिंचोक्यांची खळ देऊन तो ताठ करतात. हीच घोंगडी एका टोंकाशीं दुमडून डोक्यावर घेतली कीं पावसांत खोळ होते. जमिनीवर पसरली कीं अंथरूण. घडी करून घोड्याच्या पाठीवर टाकली कीं खोगिराखालची गादी. चार टोंकें बांधलीं कीं धान्याचें गाठोडें. एका वस्तूपासून चार कामें ज्यास घेतां येतात, त्याचें ओझें आपोआपच कमी होतें.

चकमकीचें रहस्य दुसऱ्या दिवशीं गांवच्या लोहारानें उलगडलें. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारगोटीच्या धारेनें पोलादाचा जो सूक्ष्म कण खरवडला जातो, तोच पेटतो. साधें लोखंड मऊ असल्यामुळें त्याचा तसा कण निघत नाहीं. लोहारानें जुन्या कानशीचा एक तुकडा तापवून वांकविला, पुन्हा लाल करून पाण्यांत विझविला, आणि अर्धवट जाळून विझविलेला कापूस गारगोटीवर धरून दुसऱ्याच आघाताला विस्तव करून दाखविला. आमच्या काळ्या दगडाच्या पठारावर गारगोट्यांस तोटा नाहीं. तोटा आहे तो हें जाणणाऱ्या माणसांचा.

केवळ ग्रंथांवरून कळत नाहीं तें वस्तु वापरून कळतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण युरोपांतील आहे. ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर १९९१ सालीं बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. त्याजपाशीं झाडाच्या सालीचा एक डबा होता, आणि त्यांत निखारे नेण्यासाठीं हिरवीं पानें घातलेलीं होतीं. त्याच्या पायताणांत गवत भरलेलें होतें. पेत्र ह्लावाचेक या चेक प्राध्यापकानें तशींच पायताणें बनवून डोंगरांत वापरून पाहविलीं, तेव्हां त्या गवताचें मोल कळलें: खरी ऊब कातड्यांत नसून गवतांत होती. पदार्थसंग्रहालयाच्या कांचेआड ही गोष्ट कळली नसती.

आणखी एक गोष्ट त्या तरुणांस सांगणें आम्हांस अवश्य वाटलें. त्यांनीं मावळ्यांचा वेष निवडला, तो आदरापोटींच. पण मावळें सह्याद्रींत, आणि किन्हीराजा वऱ्हाडच्या बालाघाटांत. येथलें रान निराळें, येथला इतिहासही निराळा. अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त वाशीमच्या आसपास राहणाऱ्या हटकर लोकांचा उल्लेख आहे. ते मानी व न जुमानणारे असून त्यांचे एक हजार स्वार आणि पांच हजार पायदळ आहे, असें तेथें लिहिलें आहे. हे हटकर म्हणजे धनगरच. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरांत त्यांचें वर्णन भालेवाले मेंढपाळ असें केलें आहे. म्हणजे ज्या वीरांचा वेष भाड्यानें आणण्यास हे तरुण निघाले होते, तशा वीरांचा वंशज कदाचित् शेजारच्या शेतांत घोंगडी पांघरून बसला होता, आणि त्याच्याकडे कोणाचें लक्षही गेलें नव्हतें.

तें लक्ष आतां जाणें जरूर आहे. मेंढी आज मुख्यत्वें मांसासाठीं पाळली जाते. राठ लोंकरीस भाव नाहीं, आणि गिरणीच्या स्वस्त कांबळ्यापुढें हातमागावरच्या घोंगडीचा टिकाव लागत नाहीं. गड पडला तर त्याचे चिरे तरी राहतात; विणकराचा हात थांबला कीं त्याची विद्या कोठल्याही दफ्तरांत सांपडत नाहीं. यास्तव कल्पित राज्यांच्या या छंदास आमचा विरोध नाहीं. राज्य कल्पित असेल तर तें कल्पित आहे असें स्पष्ट सांगावें, आणि त्यास इतिहास म्हणून मिरवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें. पण राज्य कल्पित असलें तरी थंडी खरी असते. म्हणून अंगावरचें सामान तरी खरें असावें, आणि तें बारगिराप्रमाणें दुसऱ्याच्या कोठारांतून न उचलतां शिलेदाराप्रमाणें स्वतः जमवावें.

फाल्गुनांत त्या तरुणांनीं दुसरी यादी आणून दाखविली. तींत मखमल नव्हती. पाण्यासाठीं सुक्या भोपळ्याचा तुंबा, जेवणास पळसाच्या पानांच्या पत्रावळी, शिदोरीस भाकरी, फुटाणे व गूळ, आणि तेल मुरवून आठ दिवस शेतांत वापरलेल्या वहाणा. सर्वांत वर लिहिलें होतें: "घोंगड्या पांच. धनगरबाबांकडून सांगून विणून घ्यावयाच्या. दाम ते म्हणतील तो." या यादीवर आम्हांस कांहीं सुचवावयाचें उरलें नाहीं.