सेल : एका शब्दाचा प्रवास

इंग्रजीतला 'सेल' हा शब्द मराठी घरांना आता परका राहिलेला नाही. टॉर्चमध्ये आणि भिंतीवरच्या घड्याळात आपण सेल घालतो. फसवणूक झाली की पोलिसांच्या सायबर सेलकडे तक्रार नेतो. संगणकावरच्या तक्त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे सेल. अंदमानचे सेल्युलर जेल इतिहासाच्या पुस्तकात भेटते, तर जीवशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात सेल म्हणजे पेशी. (दुकानात लागणारा 'सेल' मात्र या घराण्यातला नव्हे. त्याचे स्पेलिंग वेगळे आणि कुळही वेगळे.)

मराठीत आपण या प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले आहे : पेशी, विद्युतघट, कोठडी, कक्ष, चौकट. इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मात्र एकच शब्द येतो. जिवंत पेशी आणि टॉर्चचा सेल यांत साम्य ते काय, असे त्याने विचारले तर शिक्षकांनी काय सांगावे? उत्तर व्याख्यांमध्ये सापडत नाही, ते इतिहासात सापडते.

मूळ शब्द लॅटिन, 'सेल्ला'. अर्थ साधा : लहान खोली. रोमन घरात धान्य, तेल, मद्य साठवण्याची कोठी म्हणजे सेल्ला, आणि देवळाचा गाभाराही सेल्लाच. तळघराला इंग्रजीत 'सेलर' म्हणतात तो शब्द याच कुळातला. पुढे ख्रिस्ती मठांत एकेका साधूच्या खोलीला हे नाव मिळाले. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांनाही लॅटिनमध्ये हाच शब्द होता. चारही बाजूंनी बंदिस्त, लहान आणि सारख्या खोल्यांच्या रांगेतली एक, एवढे चित्र या शब्दाने सोबत घेतले आणि तो विज्ञानाच्या दारात आला.

बुचातल्या खोल्या

लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याचे काम रॉबर्ट हूक यांच्याकडे होते. त्यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ 1665 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाटलीच्या बुचाचे निरीक्षण आहे. धारदार चाकूने बुचाचा अगदी पातळ काप घेऊन हूक यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यांना असंख्य पोकळ कप्पे दिसले. त्यांना त्यांनी 'सेल' म्हटले.

मठातल्या खोल्यांवरून हूक यांना हे नाव सुचले, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. हूक यांनी स्वतः तुलना केली आहे ती मधाच्या पोळ्याशी, आणि बुचातले कप्पे पोळ्याइतके नियमित नाहीत हेही नोंदवले आहे. ते मोजून ठेवायलाही ते विसरले नाहीत. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे 60 कप्पे, म्हणजे एका इंचात 1080. मग एका घन इंचात 1080 × 1080 × 1080, म्हणजे 1,25,97,12,000. सव्वाशे कोटींहून अधिक! बूच हलके का, दाबले तरी पुन्हा का फुगते, पाण्यात का भिजत नाही, या प्रश्नांचे उत्तर त्यांना या बंद कप्प्यांत अडकलेल्या हवेत मिळाले.

हूक यांनी पाहिले होते ते मेलेल्या पेशींचे सांगाडे. आतले द्रव्य केव्हाच नाहीसे झाले होते, भिंती तेवढ्या उरल्या होत्या. ओल्या वनस्पतींतले कप्पे रसाने भरलेले असतात हेही त्यांनी पाहिले होते, पण शब्द रुजला तो रिकाम्या खोलीचा. त्याच शतकात इटलीचे माल्पिघी या रचनांना लहान पिशव्या म्हणत, तर इंग्लंडचे नेहेमाया ग्रू त्यांना फुगे म्हणत. ती नावे मागे पडली आणि खोली टिकली.

या नावाची किंमत जीवशास्त्राला मोजावी लागली. खोली म्हटले की लक्ष जाते भिंतींकडे. वनस्पतींच्या पेशींना भिंत असते, त्यामुळे त्या ओळखता येत. प्राण्यांच्या पेशींना तशी भिंत नसते, मग त्यांच्या शरीरात 'खोल्या' दिसणार कशा? रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधले, आणि शोधायला एक नवी खूण मिळाली. श्लायडेन यांनी 1838 मध्ये वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे मांडले. श्वान यांनी बेडकाच्या डिंभाच्या पृष्ठरज्जूत आणि कूर्चेत तशाच रचना पाहिल्या आणि 1839 मध्ये प्राण्यांनाही तोच सिद्धांत लावला. एका द्रवातून स्फटिक तयार व्हावेत तशा नव्या पेशी तयार होतात, अशी मात्र दोघांचीही समजूत होती. रेमाक यांनी पेशींचे विभाजन दाखवून दिले, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच होते हे सूत्र 1855 मध्ये फिरखो यांनी मांडले.

अखेर 1861 मध्ये माक्स शुल्त्स यांनी भिंतीची अटच काढून टाकली. केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी, अशी त्यांची व्याख्या होती. म्हणजे खोलीचे नाव आता खोलीत राहणाऱ्याला मिळाले! हे नाव चुकीचे आहे असे वनस्पतिशास्त्रज्ञ झाक्स यांना वाटे. त्यांनी 1892 मध्ये 'एनर्जिड' हा शब्द सुचवला. तो रूढ झाला नाही. नाव जुनेच राहिले, अर्थ मात्र पार बदलला.

विजेची पन्हाळ, कैद्याची कोठडी

विजेचा सेल दुसऱ्याच वाटेने आला. व्होल्टा यांनी 1800 मध्ये जस्त व चांदी यांच्या चकत्यांचा थर आणि मिठाच्या पाण्याच्या पेल्यांची रांग, अशा दोन रचनांचे वर्णन रॉयल सोसायटीला कळवले. उंच थरातले पाणी दाबाने पाझरून जाई. म्हणून इंग्लंडमध्ये क्रुकशँक यांनी थर आडवा केला. लाकडी पन्हाळीत तांबे व जस्त यांच्या जोडपट्ट्या उभ्या बसवल्या, म्हणजे मध्ये कप्पे पडत आणि त्यांत द्रावण भरता येई. हम्फ्री डेव्ही यांनी 1812 च्या ग्रंथात रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या प्रचंड बॅटरीचे वर्णन केले आहे. तिच्यात 2000 जोडपट्ट्या चिनी मातीच्या कप्प्यांत बसवलेल्या होत्या, आणि त्या कप्प्यांसाठी डेव्ही यांचा शब्द आहे 'सेल'. म्हणजे इथेही खोल्यांची रांगच होती. 'बॅटरी' हा शब्द तर तोफखान्यातला. फ्रँकलिन यांनी विद्युतभार साठवणाऱ्या बरण्यांच्या संचाला तो आधीच लावला होता. एक तोफ म्हणजे तोफखाना नव्हे, तसा एक सेल म्हणजे बॅटरी नव्हे. हा फरक मुलांना असा सांगितला तर चटकन लक्षात राहतो.

एकोणिसाव्या शतकातच युरोप-अमेरिकेत कैद्यांना एकेकटे ठेवण्याची पद्धत आली. फिलाडेल्फियाचा तुरुंग 1829 मध्ये सुरू झाला, लंडनचा पेंटनव्हिल 1842 मध्ये. साधूच्या एकांतवासाप्रमाणे कैद्यालाही एकांतात पश्चात्ताप होईल, ही त्यामागची कल्पना. म्हणजे मठाचाच शब्द मठाच्याच अर्थाने तुरुंगात गेला. पोर्ट ब्लेअरचे जेल 1896 ते 1906 या काळात बांधले गेले. त्यात सामुदायिक बराकी नव्हत्या, सगळ्या एकेकट्याच्या कोठड्या, म्हणून ते 'सेल्युलर'. मधल्या मनोऱ्यापासून सात पाखे निघत, आणि एका पाख्याचे तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे असे, म्हणजे कैद्यांना एकमेकांचे तोंडही दिसू नये. स्वातंत्र्यवीर सावरकरांना 1911 मध्ये तिथे नेण्यात आले. पश्चात्तापाची कल्पना तिथे पोचेपर्यंत फक्त एकांताची शिक्षा उरली होती.

पुन्हा मधाचे पोळे

सर्वांत नवा सेल दूरध्वनीचा. एका उंच मनोऱ्यावरून सगळ्या शहराला सेवा दिली, तर उपलब्ध वारंवारता मूठभर लोकांतच संपतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी 1947 मध्ये एक टिपण लिहिले. त्यातली कल्पना अशी की, प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडावेत, प्रत्येकाला कमी शक्तीचा प्रक्षेपक द्यावा, आणि पुरेशा दूरच्या तुकड्यांत तीच वारंवारता पुन्हा वापरावी. हे तुकडे म्हणजे सेल. कल्पना व्यवहारात यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. टोकियोत 1979 मध्ये अशी सेवा सुरू झाली, शिकागोत 1983 मध्ये. भारतात 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले.

नकाशावर हे सेल षटकोनी काढतात. त्यामागे साधी भूमिती आहे. चौरस, समभुज त्रिकोण आणि षटकोन अशा तीनच सुसम आकृत्या फट न ठेवता पृष्ठभाग भरतात. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर R असेल, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे 1.3R² येते, चौरसाचे 2R² आणि षटकोनाचे सुमारे 2.6R². म्हणजे षटकोन घेतला तर मनोरे सर्वांत कमी लागतात. हूक यांना बुचात आठवलेले पोळे अभियंत्यांच्या कागदावर असे पुन्हा उमटले.

आता मराठीकडे वळू. सुश्रुतसंहितेत शरीरात 500 पेशी सांगितल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे स्नायूचा मांसल गोळा. हिंदीत स्नायूला 'मांसपेशी' म्हणतात ते त्यामुळेच. सेलला हिंदीत 'कोशिका' असा वेगळा शब्द आहे. मराठीतल्या 'पेशी'त खोली नाही, जिवंत द्रव्याचा गोळा आहे. शुल्त्स यांच्या व्याख्येला आपला शब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा जवळचा पडतो! 'विद्युतघट'ही व्होल्टांच्या पेल्यांशी इमान राखतो. हे शब्द बोजड म्हणून टाळण्यापेक्षा इंग्रजी शब्दाशेजारी फळ्यावर लिहावेत. दोन नावांत दोन वेगळी चित्रे आहेत, आणि त्यांतले कोणते कुठे उपयोगी व कुठे फसवे, याची चर्चा वर्गात चांगली रंगते.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक प्रयोग जरूर करावा. बुचाचा ब्लेडने काढलेला पातळ काप आणि आयोडीन लावलेला कांद्याचा पापुद्रा शेजारी शेजारी दाखवावेत. पहिल्यात रिकाम्या खोल्या दिसतील, दुसऱ्यात भिंतीच्या आत पिवळसर केंद्रक. या दोन काचपट्ट्यांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे संशोधन आहे. तेवढा काळ शास्त्रज्ञांना का लागला, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.