संगणकाच्या खोलीची किल्ली

आज एका खोलीचा इतिहास ऐकू या. अनेक गावांच्या हायस्कुलात ही खोली असते. दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी, आत टेबलांची रांग, आणि बऱ्याचदा दाराला कुलूप. ही खोली शाळेत आली कशी आणि बंद का पडते, हे माहीत असलं तर पालकसभेत आपल्याला नेमकं बोलता येतं.

थोडं मागून सुरू करू. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला आधी भाषा पेलावी लागे, विषय त्यानंतर. मुलींचं तर नावच नको. म्हणून लोकांनी स्वतः शाळा उभ्या केल्या. अंबाजोगाईची योगेश्वरी ही त्यांतलीच एक; स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं शिकवलं. भाषेची ही अडचण ध्यानात ठेवा. संगणक आला तेव्हा ती पुन्हा आडवी आली.

देशातल्या शाळांत संगणक नेण्याचा मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ साली सुरू झाला. त्याचं नाव ‘क्लास’ प्रकल्प. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या आणि इंग्लंडमध्ये तयार झालेले ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे संगणक दिले. पुढं हा आकडा अडीच हजारांवर गेला. एवढ्या मोठ्या देशात तो किती पुरणार? शिवाय कळफलक इंग्रजी, पडद्यावरच्या सूचना इंग्रजी. खेड्यातल्या पोरांपर्यंत हे वारं पोचलंच नाही.

पुढच्या काळात दोन गोष्टी घडल्या. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था सुरू झाली. महासंगणकासाठी तिचं नाव झालं, पण आपल्या लिप्या संगणकावर उमटवण्याचं कामही तिथं झालं. मराठी अक्षर पडद्यावर दिसू लागलं. नंतर २००१ साली ‘महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन’, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. तो मराठीतूनही शिकता येऊ लागला. सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हटल्यावर तालुक्या-तालुक्याला केंद्रं निघाली. दहावीची परीक्षा झाली की सुट्टीत एमएस-सीआयटी, अशी रीतच पडली.

पण हे शिक्षण शाळेबाहेरचं. त्याला फी, वर एसटीचं भाडं. घरात पैसे एकाचेच असले तर आधी कोण जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून शाळेतली खोली महत्त्वाची. २००४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी’ योजना आणली. आपल्या राज्यात ती टप्प्याटप्प्यानं सुमारे आठ हजार शाळांत गेली. संगणक, छपाई यंत्र, टेबल-खुर्च्या आणि शिकवायला एक संगणक शिक्षक, असा तो संच होता. मात्र शिक्षक कंत्राटावर होता आणि करार पाच वर्षांचा. करार संपला, शिक्षक घरी गेला. त्यांनी आंदोलनं केली. शाळेत यंत्रं राहिली, शिकवणारं माणूस राहिलं नाही. मग मुख्याध्यापक कुलूप लावतात, कारण काही मोडलं तर जबाबदारी त्यांच्यावर येते.

विजेचंही तसंच. परळीच्या औष्णिक केंद्रात १९७० च्या दशकापासून वीज तयार होते; पण भारनियमनाच्या वर्षांत आपल्याच गावांत तासन् तास अंधार असायचा. संगणकाचा तास आणि वीज यांची गाठ पडली तर पडली. त्यात नववी-दहावीच्या या विषयाला गुण नव्हते, फक्त श्रेणी होती. ज्याचे टक्के धरत नाहीत, तो तास गणिताला देऊन टाकायला कितीसा वेळ लागतो?

आता आपल्या लेकींचं बघू. दहा संगणक आणि पन्नास मुलं असली की एका यंत्राभोवती पाचजण बसतात. कळफलक ज्याच्या हाती पडतो, तोच शिकतो. बाकीचे बघतात. बघणाऱ्यांत मुली जास्त असतात, कारण ढकलाढकली करायची नाही असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरची मुलगी दिवाळीच्या सुमारास कोयत्यासोबत गेली, तर उन्हाळा लागेपर्यंत तिला ते बघायलाही मिळत नाही. गावात हंगामी वसतिगृह चालू असलं, तरच तिचा तास वाचतो.

‘हे पोरांचं काम’ असं कुणी म्हणालं तर एक गोष्ट सांगा. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ नावाचा खोलीभर आकाराचा संगणक जगाला दाखवला गेला. त्याला काम कसं करायचं हे ठरवून देणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्राम करणाऱ्या, सहा बायका होत्या. कौतुकाच्या दिवशी त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. त्यांची ओळख जगाला फार उशिरा झाली.

सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण जवळचं आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले. मोबाईल धरला की धडा ऐकू येई, दिसे. पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शाळा छोटी, सामान थोडं. पण रोज वापरणारा शिक्षक होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग शिकवायचं म्हटलं आहे. म्हणजे नव्या पेट्या येतील, नव्या पाट्या लागतील. या वेळी आपण आधीच विचारू या. संगणकाचा तास आठवड्यातून किती वेळा होतो? शिकवतं कोण, आणि त्याची नेमणूक किती दिवसांची आहे? मुलींची पाळी वेगळी लावली आहे का? बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला पैसे कुठून येणार? ऊसतोडीहून परतलेल्या मुलींचा बुडालेला भाग कधी भरून घेणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीच्या निम्म्या जागा बायकांच्या असतात; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच त्या दिल्या आहेत. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. गटाच्या पुढच्या बैठकीत दोघी-तिघींची नावं ठरवा, एक दिवस शाळेत जा आणि ती खोली उघडून दाखवायला सांगा. किल्ली कुणाकडं असते, तेही विचारून या.