न्यूमोनिया, बालकांतील : खेड्यातील निदान व उपचार

फुप्फुसांतील वायुकोशांना सूज आणणारा संसर्ग. पाच वर्षांखालील मुलांत तो प्रामुख्याने स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए व हीमोफिलस इन्फ्लुएंझी हे जिवाणू आणि अनेक विषाणू यांमुळे होतो. विदर्भात यालाच ‘डब्बा’ म्हणतात. स्टेथोस्कोप, एक्स-रे व रक्ततपासणी हा निदानाचा रूढ मार्ग. यांपैकी काहीच हाताशी नसते तेथे काय करतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

निदान : खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजणे, ही यातली मुख्य गोष्ट. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे फ्रँक शॅन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस केलेल्या कामामुळे या पद्धतीला शास्त्रीय आधार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार मर्यादा ठरवल्या : दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार अधिक गंभीर. मूल शांत असताना, अंगावरचे कपडे वर सारून, पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची दवाखान्यातली सवय येथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारख्या लयीत नसतो. ६० भरले तर पुन्हा मोजतात. ही साधी शिस्त पाळली न गेल्याने जितके निदान चुकते, तितके उपकरणांअभावी चुकत नाही.

श्वासमापक : गावातील अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजणे जमत नसे. त्यासाठी डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी एक साधन बनवले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या दोन ओळी असतात. एक दोन महिन्यांखालील बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दाईला दहापर्यंत मोजता आले, तरी पुरे.

गडचिरोली प्रयोग : नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दांपत्याने १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापली. गडचिरोली जिल्हा तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक व प्रशिक्षित दाया यांच्या हाती को-ट्रायमॉक्झॅझोल हे तोंडावाटे देण्याचे प्रतिजैविक देण्यात आले. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाग्रस्त मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के होते.

नवजात अर्भके : पहिल्या महिन्यात न्यूमोनिया व जंतुदोष (सेप्सिस) वेगळे ओळखणे कठीण असते, खेड्यात ते करण्याची गरजही नसते. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, पोट फुगणे किंवा उलट्या, अंग गार लागणे, छाती आत ओढली जाणे, नाळ पिकणे, या सातांपैकी कोणतीही दोन लक्षणे दिसली की जंतुदोष धरावा, असा निकष गडचिरोलीच्या नोंदींतून निघाला. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या. जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ च्या निबंधात नोंदवले आहे. श्रेय मात्र एकट्या इंजेक्शनचे नव्हे. ऊब, स्तनपान व वारंवार भेटी यांचाही वाटा मोठा होता.

आक्षेप : श्वास मोजून ठरवलेल्या रुग्णांत विषाणुजन्य आजार व दम्यासारखी घरघर असलेली मुलेही येतात, त्यांना प्रतिजैविक विनाकारण मिळते. को-ट्रायमॉक्झॅझोलला दाद न देणारे जिवाणू वाढल्यानंतर अ‍ॅमॉक्सिसिलिनला पसंती मिळाली. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने इंजेक्शन द्यावे का, यावर मतभेद आहेत. डॉक्टरच नसलेल्या गावात या वादाला किती अर्थ उरतो, हे वाचकाने ठरवावे.

शासकीय स्वीकार : केंद्र शासनाने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात इंजेक्शनचा भाग वगळलेला होता. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत सहायक परिचारिकांना (एएनएम) जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली.



प्रतिबंध : न्यूमोकॉकसविरोधी लस राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून निवडक राज्यांत व २०२१ पासून देशभर दिली जाते.