शुभवर्तमान आणि त्याचं उत्तर: नाशिकच्या एका घराची गोष्ट

मंडळी, आजचा विषय जरा जपून हाताळायचा आहे. धर्मांतर हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच दोन रांगा लागतात. एका रांगेत 'आमिष दाखवलं', दुसऱ्या रांगेत 'जबरदस्ती केली'. तिसरी शक्यता, म्हणजे एखाद्याने काहीतरी ऐकलं, त्यावर विचार केला आणि स्वतःच्या डोक्याने उत्तर दिलं, ही कोणाच्या मनातच येत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि कोणाचा प्रचारही करायचा नाहीये. पण ही तिसरी शक्यता आमच्या नाशिकच्या इतिहासात ठळक लिहिलेली आहे, आणि ती माहीत नसणं म्हणजे घरातलीच गोष्ट माहीत नसणं आहे.

आधी एक शब्द. इंग्रजीत ज्याला गॉस्पेल म्हणतात त्याला मराठी बायबलमधे 'शुभवर्तमान' म्हटलंय. वर्तमान म्हणजे बातमी. मला हा शब्द फार नेमका वाटतो. तत्त्वज्ञान आवडलं तर घ्यावं, नाही तर पुस्तक मिटून ठेवावं. बातमीचं तसं नसतं. बातमी कानावर आली की दोनच प्रश्न उरतात: ही खरी आहे का? आणि खरी असेल तर आता मी काय करू? बातमी थोडक्यात अशी, की देव बापासारखा आहे, येशूमधे तो माणसांपर्यंत आला, क्रूसावर मेला आणि पुन्हा उठला, आणि क्षमा कमवावी लागत नाही, घ्यावी लागते. मेल वाचणं वेगळं आणि त्याला रिप्लाय देणं वेगळं. आजचा लेख रिप्लायबद्दल आहे.

नाशिककराला शरणपूर रोड सांगावा लागत नाही. बँका, शोरूम्स, क्लासेस, हॉटेलं. पण या नावाची फोड कोणी करत नाही. शरण आलेल्यांचं पूर. चर्च मिशनरी सोसायटी १८३२ पासून नाशिकमधे होती आणि १८५० च्या दशकात विल्यम प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. कारण सरळ होतं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घर, विहीर, रोजगार, सोयरीक, सगळंच बंद व्हायचं. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही असं ठरवलं होतं, पण विहिरीवर कोण पाणी भरू देणार हे कायदा ठरवत नव्हता.

याच शरणपुरात आफ्रिकन मुलंही होती. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, त्यातली काही सुटलेली मुलं मुंबईमार्गे इथे यायची. सुतारकाम, लोहारकाम आणि बायबल शिकायची. १८६६ मधे डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने यातली नऊ मुलं सोबत नेली. नाशिकमधेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्याला जाऊन मिळाला. १८७३ मधे आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती वेनराइटने. १८७४ मधे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

आता प्रामाणिकपणे बघू. या मुलांना कोणी विचारलं होतं का, की बाबांनो तुम्हाला हा धर्म हवा आहे का? नाही. गलबतातून सुटले, मिशनच्या शाळेत आले, नावंही नवी मिळाली. तरीही हजारो मैल दूर, समोर कोणी मिशनरी उभा नसताना वेनराइटने पुस्तक उघडून प्रार्थना वाचली. म्हणजे दिलेली गोष्ट कधीतरी त्याने आपली करून घेतली असावी. नेमकी कधी, ते बाहेरून कळत नाही.

आतून कळतं अशी गोष्ट मात्र एका नाशिककर बाईने लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'. शाळेत एखादा धडा वाचला असेल. पूर्ण पुस्तक फार कमी जणांनी वाचलेलं असतं.

माहेरची ती मनू गोखले, जन्म १८६८, गाव नाशिकजवळचं जलालपूर. आजोबा १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुवायची, अगदी मीठसुद्धा! अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. आई गेल्यावर लहानपणीच घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. कवी, वक्ते, तापट, विसराळू, हातात पैसा न टिकणारे. एका नोकरीत फार दिवस राहिले तर ते टिळक कसले!

१८९३ मधे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने जाताना 'नवा करार' हातात दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते अर्थातच पटलं नाही. पण वाचायचं कबूल केलं होतं म्हणून ते वाचत राहिले आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. शत्रूवर प्रीती करा, दुसऱ्याचा न्याय करू नका, हे तिथलं सांगणं. देशाचं भलं व्हायला कसा धर्म हवा, याचा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून चालूच होता. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. प्रवाशाने सांगितलेली मुदत साधारण जुळली.

इथपर्यंतची गोष्ट नेहमी हिरोसारखी सांगितली जाते. माणसाने पुस्तक वाचलं, सत्य सापडलं, सगळ्या जगाविरुद्ध उभा राहिला. शाब्बास! पण या उत्तराचं बिल कोणाच्या नावावर फाटलं? लक्ष्मीबाईंच्या. त्या वेळी त्या जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या हिशेबी गेलेला. पुढची साडेचार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या नातेवाइकांकडे, पंढरपूरसारख्या ठिकाणी, लोकांची दया आणि टोमणे दोन्ही झेलत.

१८६६ च्या एका कायद्याप्रमाणे, धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, चिडले, रुसले, पण थांबले. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या त्या आपल्या अटींवर. माझा स्वयंपाक वेगळा, माझं पाणी वेगळं, माझा धर्म माझा. टिळकांनी ते चालवून घेतलं. ख्रिस्ती पंडिताच्या घरात बायको सोवळ्यात! नगरच्या मिशनमधे यावर काय चर्चा झडली असेल याची कल्पना करा.

आणि इथे मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते. लक्ष्मीबाईंनी आधी धर्म सोडला नाही. आधी सोवळं सोडलं. एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं, की जात जर देवाने केली असती तर माणसांत तसा फरक दिसायला हवा होता. तो दिसत नाही, म्हणजे जात माणसांची. झालं. त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. त्यात ना मिशनरी, ना प्रवचन, ना टिळकांचा वाद. मिठालाही विटाळ होतो असं शिकलेल्या मुलीने स्वतः विचार करून काढलेला निष्कर्ष होता तो. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मधे.

म्हणजे बघा, एकाच घरात एकच बातमी दोन वाटांनी पोचली. टिळकांनी ती पुस्तकात वाचली आणि दोन वर्षांत उत्तर दिलं. लक्ष्मीबाईंनी ती आधी माणसांत पाहिली, स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी तपासली आणि मग उत्तर दिलं. बायकोही मागोमाग ख्रिस्ती झाली, असं एका ओळीत म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नवऱ्यामागून जायचं असतं तर त्या १८९५ लाच गेल्या असत्या.

टिळकांचं उत्तरही तिथे संपलं नाही. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी परक्या चालींऐवजी अभंग आणि भजनं लिहिली. मराठी चर्चमधे ती आजही म्हटली जातात. यालाही जुनी वाट होतीच. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहून १६१६ मधे गोव्यात छापलं होतं. पुढे १९१७ मधे टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मधे ते वारले. त्यांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेत न गेलेल्या बाईने!

त्यांची शेवटची वर्षं नाशिकमधे गेली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी छापून येऊ लागलं. काळ लक्षात घ्या. १९३० मधे याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि १९३५ मधे नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यांनी पुढे निवडलेली वाट वेगळी, बुद्धाची. पण माणसाने माणसाला शिवायचं नाही असं सांगणाऱ्या व्यवस्थेत राहायचं का, हा प्रश्न तोच. लक्ष्मीबाईंनी तो आपल्या घरात आधीच सोडवला होता. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या नाशिकमधेच गेल्या.

सांगायचा मुद्दा हा की कोणताही संदेश खरा की खोटा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण उत्तराला वेळ द्यावा लागतो. सांगणाऱ्याने थांबायला हवं आणि ऐकणाऱ्याच्या घरच्यांनीही. टिळकांनी दिलेली सगळ्यात मोठी साक्ष मला त्यांच्या भाषणांत किंवा कवितांत दिसत नाही. आपल्याच घरात बायकोची वेगळी घागर त्यांनी मुकाट्याने राहू दिली, त्यात दिसते. घागर फोडली असती तर लक्ष्मीबाई कदाचित परत गेल्या असत्या, आणि मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र आपल्याला मिळालंच नसतं.

असो. पुढच्या वीकेंडला सिनेमाचं तिकीट काढण्याऐवजी 'स्मृतिचित्रे' विकत घ्या. हसून हसून पुरेवाट होईल आणि मधेच कुठेतरी घशात आवंढा येईल. वाचून झालं की सांगा, टिळकांच्या जागी तुम्ही किती दिवस थांबला असता?