कॅप्टनची चिठ्ठी

स्मरणिका समितीने माझ्याकडे शाळेच्या इतिहासावर लेख मागितला होता. इमारत, निकाल आणि गॅदरिंग यांवर माझ्याहून जाणकार मंडळी लिहिणारच आहेत. मी जरा वेगळा इतिहास लिहायला घेतला आहे. त्याची सुरुवात आपल्याच वर्गातल्या एका चिठ्ठीपासून होते.

दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या, आठवतं? ‘पुढे कोण होणार’ एवढंच लिहायचं होतं. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, एक पायलट. मी इंजिनिअर लिहिलं होतं, कारण घरात तेच बोललं जायचं. आणि आपल्या मुलींच्या खो-खो संघाच्या कॅप्टनने लिहिलं होतं, ‘बालवाडीच्या बाई’. वर्ग हसला. सगळ्यांत आधी मी हसले. मधल्या सुट्टीत वर तिला म्हणालेही, “राज्यापर्यंत खेळलीस आणि बालवाडी?” ती म्हणाली, “मग लहान पोरांना पळायला कोण शिकवणार? तू?”

तिचं नाव इथे छापायचं नाही, या अटीवर तिने मला हे लिहायची परवानगी दिली आहे. अर्थात तुम्ही ओळखलंच असेल. खांबावर सूर मारून गडी टिपणारी आपल्याकडे एकच होती. पण संध्याकाळी सराव संपल्यावर ती मैदानामागच्या वस्तीतल्या चिमुरड्यांना चौकोनात उकिडवं बसायला शिकवायची, हे किती जणांच्या लक्षात आहे? ती म्हणायची, त्यांना आधी थांबायला शिकवायचं, मग पळायला.

आम्ही हसलो का, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. १९९५-९६ पर्यंत ‘बालवाडी’ हा शब्द आमच्या कानांना हलका वाटायला लागला होता. शिकलेल्या बाईने शेवटचा पर्याय म्हणून करायचं ते काम, अशी समजूत. मूळ गोष्ट मात्र उलटी आहे.

ताराबाई मोडक १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. एका महिला प्राचार्यांनी त्या काळात खुर्ची सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसायला जायचं! आजच्या भाषेत याला ‘करिअर संपवणं’ म्हणतील. त्या दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. दादरला शिशुविहार उभं राहिलं आणि १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झालं. तिथे ताराबाईंच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर जिद्दीने घेतलेलं शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास होता.

बोर्डीत पहिली अडचण अशी की वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. घरासमोरच्या अंगणात मुलांना धुवायचं, नखं कापायची, गाणी म्हणायची, खेळायचं. ही अंगणवाडी. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पानं आणि खडे यांनी घेतली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं चारायला जात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाली आहे. वापरणारा आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं, हे आम्हाला आता महागड्या कार्यशाळांत शिकवतात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिलं.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशभरातल्या ३३ प्रकल्पांनी झाली. अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला आणि गावोगाव पोचला. ही लहान गोष्ट नाही. पण सेविकेला पगार दिला गेला नाही, ‘मानधन’ दिलं गेलं. दहावी नसलेलीला महिना १०० रुपये, दहावी झालेलीला १५०. कागदोपत्री ती नोकरदार नव्हे, मानसेवी. आकडे पुढे वाढत गेले, पण शब्द बदलला नाही. अंगणवाडी सेविकेचं पद हे ‘नागरी पद’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे त्याच न्यायालयाने सांगायला एप्रिल २०२२ उजाडलं. एका प्राचार्यांनी ज्यासाठी नोकरी सोडली, ते काम आपण नोकरी मानायलाच तयार नव्हतो. आमचं ते हसू याच मानण्यातून आलं होतं, असं मला आता वाटतं.

आपली कॅप्टन बारावीनंतर डी.एड.च्या गुणवत्ता यादीत थोडक्यात राहिली. खेळापायी अभ्यास मागे पडला, असं घरचे म्हणाले. तिला ते आजही पटत नाही. तसंही डी.एड. पहिलीपासूनच्या वर्गांसाठी, तिला हवी होती त्याखालची मुलं. लग्न झालं, दोन लेकरं झाली आणि मग सासरच्या गावी अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. तिने अर्जाला खो-खोची सगळी प्रमाणपत्रं जोडली होती. ती कोणी पाहिली की नाही, हे तिला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे जाऊन आले. सकाळी साडेनऊला तिने आधी मोबाइल काढला. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. हे ॲप २०२१ मध्ये आलं तेव्हा त्यातल्या इंग्रजीला आणि बिघडलेल्या फोनना वैतागून राज्यातल्या हजारो सेविकांनी फोन परत केले होते. त्यात ही होतीच. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप पन्नासहून जास्त दिवस चालला, त्यातही ती होती. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “हे असलं तुमचीच माणसं बनवतात ना गं?” मी म्हणाले, “मी बँकांचं बनवते.” ती म्हणाली, “एकदा येऊन बघून तरी जायचं, आम्ही कुठे बसतो ते.” मला उत्तर सुचलं नाही. ताराबाईंनी तेच केलं होतं, हे गाडीत बसल्यावर आठवलं.

माहिती भरून झाली तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. मग ती बाहेर आली आणि चुन्याने आखलेल्या आठ चौकोनांत आठ पोरं बसली. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. नियम तिने तिचे केले आहेत. खो दिला की लगेच पळायचं नाही. आधी उठायचं, दोन्ही पाय टेकवायचे, आपण कुठे आहोत ते बघायचं आणि मग पळायचं. एक मुलगी उठली आणि भलतीकडेच पळत सुटली. बाकीची पोरं ओरडली, पण कॅप्टन काही बोलली नाही. ती मुलगी स्वतःच थांबली, वळली आणि परत आली. “बघ,” कॅप्टन मला म्हणाली, “आधी थांबली.”

तिला विचारलं, मेळाव्याला येशील ना? येणार म्हणाली. काही आणू का तुझ्यासाठी? तर म्हणाली, शाळेच्या मागे आपले जुने लाकडी खांब पडले असतील तर बघ. मग स्वतःच हसली. खो-खोचा खांब १२० सेंटीमीटरच्या वर असतो. तिची सगळ्यांत उंच पोरगी १०५ भरते, त्याच सकाळी मोजली होती. “राहू दे,” म्हणाली. मैदानाच्या दोन्ही टोकांना तिने पोरांच्या कमरेएवढे कापलेले बांबू पुरले आहेत. एकाला वरून चिंधी गुंडाळली आहे, कारण तिथे सूर मारायला शिकलेला एक पठ्ठ्या आहे. वय साडेचार.