आधी धार, मग ब्रेक

माणगावजवळच्या माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक चेनसॉंना पुढचा हँडगार्ड नसतो. तुटलेला नसतो, ‘मध्ये येतो’ म्हणून काढून ठेवलेला असतो. साखळीचा ब्रेक त्याच गार्डवर चालतो. तो ब्रेक या यंत्रावर यायला जवळजवळ अर्धं शतक लागलं आणि तेवढ्या काळात त्याची किंमत माणसांच्या हातापायांनी मोजली.

आमच्या घरात करवतकाम होतं. वडील आणि काका मिळून मोठी करवत ओढायचे. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, डोळ्यांत भुसा. कष्ट अतोनात, पण हात थांबला की पातंही थांबायचं.

यंत्राची सुरुवातही दोन माणसांनीच झाली. 1926 मध्ये आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली आणि तिला त्या डोंगराचंच नाव दिलं. वजन 58 किलो. इंजिन एकाने धरायचं, बारचं, म्हणजे साखळी ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिचं, टोक दुसऱ्याने. बोजड होती खरी, पण टोक धरलेलं असल्यामुळे ते सहजासहजी उसळत नसे.

साखळीचे दात मात्र हातकरवतीच्या धाटणीचे होते. लाकूड ओरबाडायचे आणि सारखी धार मागायचे. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला भुंगेऱ्याची एक अळी लाकूड पोखरताना दिसली. उभ्या रेषांतून असो की आडव्या, ती सारख्याच सहजतेने पुढे जात होती, कारण तिचे वाकडे जबडे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी चालत होते. कॉक्सने तसेच दात घडवले, एक डावा, एक उजवा, आणि पुढच्या वर्षी पोर्टलंडमध्ये ती साखळी विकायला काढली. माझ्या बाकावर येणाऱ्या जवळजवळ सगळ्या साखळ्या त्याच घराण्यातल्या आहेत.

या दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल शिरणार हे तोच ठरवतो. आम्ही त्याला गेज म्हणतो. गोल कानस सगळ्या दातांवर एकाच कोनात, बहुतेक साखळ्यांना 30 अंशांत, चालवायची. डावे-उजवे दात सारखे राहिले नाहीत तर काप तिरका जातो. चार-पाच वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीने गेजही उतरवायचं, पण दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटरच खाली. लवकर कापलं जावं म्हणून काहीजण ते फार उतरवतात. मग दात लाकडाला हापके मारतो, हात थरथरतात आणि बार उसळण्याचा धोका वाढतो.

1950 मध्ये श्टीलची एका माणसाने चालवायची पेट्रोल करवत आली, 16 किलोंची. 1959 ची ‘कॉन्ट्रा’ 12 किलोंची होती. पडद्याच्या कार्ब्युरेटरमुळे इंजिन आडवं-तिडवं धरलं तरी चालू राहू लागलं. माझ्या मते खरा धोका इथून वाढला. टोक धरणारा दुसरा माणूस गेला आणि मोकळं टोक कापणाऱ्याच्या तोंडासमोर आलं. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला, की सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावणारी साखळी अख्खा बार वर आणि मागे फेकते. डोळा मिटायच्या आत.

दुसरी इजा हळूहळू होत होती. इंजिनाच्या थरथरीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडत. थंडीत बोटं पांढरी पडत, बधिर होत. फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मीच्या जंगल कामगारांची तपासणी वर्षानुवर्षं चालली. 1972 मध्ये त्यांच्यातल्या सुमारे 40 टक्क्यांना हा त्रास होता, 1990 मध्ये 5 टक्क्यांना. मधल्या काळात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी बुशी आल्या होत्या आणि करवतीही हलक्या झाल्या होत्या. आमच्याकडे या बुशी फाटल्या तरी वर्ष-वर्ष बदलत नाहीत, म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगतो.

ब्रेक आला 1972-73 च्या सुमारास, श्टील आणि स्वीडनच्या हुस्कवार्नाच्या करवतींवर. बार उसळला की गार्ड डाव्या मनगटावर आपटतो, स्प्रिंग सुटते आणि पोलादी पट्टा क्लचच्या ड्रमला आवळतो. झाकणाखाली तेलात भिजलेला भुसा साचला तर हा पट्टा घसरतो. म्हणून रोज झाकण उघडून साफ करायचं आणि कामाआधी ब्रेक लावून थोडं थ्रॉटल देऊन पाहायचं. साखळी फिरली तर करवत खाली ठेवायची.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या आणि कधी करवत न धरलेल्या पोरांच्या हाती ती आली. पडलेलं झाड मेलेलं नसतं, ताणलेलं असतं. दबलेल्या बाजूला आधी थोडा काप घ्यायचा, मग ताणलेल्या बाजूने तोडायचं, आणि उपटलेल्या मुळांच्या गड्ड्यामागे कोणी उभं राहायचं नाही. युरोपातले कामगार मांडीवर धाग्यांचे थर असलेली विजार घालतात. साखळी लागली की धागे सुटून चक्रात अडकतात आणि ती थांबते. आमच्या दमट उन्हात ती कोणी घालणार नाही. फक्त पुढून बांधायचा प्रकारही मिळतो. ग्रामपंचायतीने करवत खरेदी करताना त्याच बिलात तो घ्यावा, आणि सोबत एक जादा ब्रेकपट्टाही.