तकोवाचा मेंढपाळ

‘देवाने निवडलेली प्रजा’ हे शब्द मिस्सेच्या वाचनांत आपण इतक्या वेळा ऐकतो की, त्यांतली धार आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. आमोस संदेष्ट्याच्या श्रोत्यांना ती चांगलीच जाणवली.

आमोस हा जेरुसलेमच्या दक्षिणेकडील तकोवा गावचा मेंढपाळ. रानउंबरांची निगा राखणे हाही त्याचा उद्योग. इ. स. पूर्व ७५० च्या सुमारास तो उत्तरेकडील इस्राएल राज्यात, बेथेलच्या मंदिराशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या यराबामाची ती कारकीर्द भरभराटीची होती. शोमरोनच्या श्रीमंतांच्या हस्तिदंती पलंगांवर त्याने कोरडे ओढले. १९३१ ते १९३५ च्या उत्खननात तेथे हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे सापडले. त्याच राज्यात पायतणाच्या जोडापायी गरीब विकला जात होता.

देवाने आपल्याला निवडले, मग आपले कोण काय वाकडे करणार, अशी लोकांची समजूत. आमोसने हिशेब उलटा मांडला: निवड झाली म्हणूनच जाब अधिक कडक. एवढ्यावर न थांबता, पलिष्टी व अरामी यांनाही त्यांच्या मूळ भूमीतून देवानेच आणले, असे तो सांगून गेला. (श्रोत्यांच्या मुद्रा कशा झाल्या असतील, याची आपण कल्पनाच करावी!) याजक अमस्याने त्याला यहूदात जाऊन पोट भरण्यास बजावले. आपण पेशाने संदेष्टे नाही, कळपामागून देवाने आपल्याला उचलले, हे त्याचे उत्तर आम्हांला सर्वांत बोलके वाटते.

इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. अश्शूरचा राजा सार्गोन याच्या कोरीव लेखात २७ हजारांहून अधिक बंदिवानांची नोंद आहे. बेथेलने हाकललेल्या मेंढपाळाचे शब्द बहुधा यहूदातच जपले गेले.